‘ओकेजनली’च्या आड

वार्षिक तपासणीचा रिपोर्ट घेऊन पंचेचाळिशीतले एक गृहस्थ फॅमिली डॉक्टरांसमोर बसलेले असतात. एसजीओटी वाढलेलं, एसजीपीटी जेमतेम त्याच्या निम्म्यावर, गॅमा जीटी छापील मर्यादेच्या दुप्पट आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’. डॉक्टर विचारतात, “घेता का?” उत्तर ठरलेलं असतं, “ओकेजनली.” डॉक्टर मान डोलावतात, तेलकट कमी करायला आणि रोज चालायला सांगतात, आणि पुढचा पेशंट आत येतो. मराठी मध्यमवर्गाने दारूसाठी उचललेला हा सगळ्यांत सोयीचा शब्द. ‘कधीतरी’ म्हटलं तर ‘म्हणजे कधी?’ असा उलटा प्रश्न येऊ शकतो. ‘ओकेजनली’ला तो येत नाही. शब्दाला इंग्रजीची इस्त्री असते, शिवाय ऑकेजन कशाला म्हणायचं हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी पिणाऱ्याकडे राहतो. शुक्रवार हे ऑकेजन, पाऊस हे ऑकेजन, मॅच जिंकली तर आणि हरली तरीही. लपलेल्या व्यसनाचा आढावा घ्यायचा तर कपाटामागच्या बाटलीपेक्षा या शब्दापासून सुरुवात केलेली बरी. कारण हे व्यसन आपल्या नजरेतून निसटतं ते पिणारा फार हुशारीने लपवतो म्हणून कमी, आणि व्यसनी माणूस कसा दिसतो याची आपली पट्टीच चुकलेली आहे म्हणून जास्त.

किती निसटतं, त्याचे आकडे उपलब्ध आहेत. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ या वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांतल्या पावणेसहा कोटींना दारूपायी मदतीची गरज आहे आणि जवळजवळ तीन कोटी थेट व्यसनाधीन आहेत, असं त्या पाहणीत दिसलं. पुढचा आकडा जास्त बोलका. व्यसनाधीन असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता; रुग्णालयात किंवा केंद्रात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मागे एक. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीतही दारूच्या विकारात उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण ८६ टक्क्यांच्या वर निघालं. थोडक्यात, ‘छुपा’ व्यसनी हा अपवाद नाही. उघड झालेला, उपचारांपर्यंत पोचलेला हाच अपवाद आहे.

ही पट्टी आली कुठून? मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दारुडा म्हणून जो उभा राहतो, त्याच्या घडणीत राम गणेश गडकऱ्यांचा वाटा मोठा आहे. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ साली, गडकरी गेले त्याच वर्षी, आणि बालगंधर्वांच्या सिंधूने पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक रडवले. सुधाकर, सिंधूचा नवरा, हा हुशार वकील. सनद काही काळासाठी जाते, अपमान सहन होत नाही, आणि तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. नाटकाचं नाव पहिल्या प्याल्यावर आहे, पण आपण लक्षात ठेवला तो शेवट : धुळीला मिळालेला संसार, दळण दळणारी सिंधू, गेलेलं मूल. सुधाकर प्यायला लागला तेव्हा तोही प्रतिष्ठित, मित्रांत मान असलेला माणूस होता, ही गोष्ट मागे पडली. त्यामुळे आज जो वेळेवर ऑफिसला जातो, हप्ते भरतो, मुलांच्या पालकसभेला हजर असतो, तो स्वतःला आणि इतरांना सहज पटवू शकतो, की मी काही बेवडा नाही. गटारी अमावास्येचे विनोद तेच काम करतात. गटारात पडलेला तो दारुडा; आपण सोफ्यावर बसलेले.

अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात व्यसनाधीनांचे प्रकार पाडून पाहिले होते. आपल्या मनातल्या चित्राशी जुळणारा, दीर्घकाळ पिऊन सर्वस्व गमावलेला गट निघाला अवघा नऊ टक्क्यांचा. शिकलेले, स्थिर नोकरीचे, अनेक संसारी, मध्यम वयाचे असे जवळजवळ वीस टक्के होते. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडचं पिणं वेगळं. बिअर-वाइनपेक्षा कडक दारू जास्त, आणि गप्पांची साथ म्हणून पिण्यापेक्षा चढावी म्हणून पिणं जास्त. पण नोकरी टिकली म्हणजे व्यसन नाही हा निष्कर्ष चुकीचा, एवढं समजायला हा अभ्यास पुरेसा आहे. नोकरी जाणं हे व्यसनाचं लक्षण असलंच तर शेवटच्या टप्प्याचं. मधुमेह झाला की नाही हे पाय कापावा लागला की नाही यावरून आपण ठरवत नाही.

मग पाहायचं काय? पहिलं उत्तर लोक देतात ते प्रमाणाचं, आणि तिथेच मोजमापाचा घोळ आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या ४२.८ टक्के व्हिस्की-रमचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल; त्याला एक युनिट धरा. क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे सहा युनिटं. ‘मी कडक घेतच नाही, बिअरवाला आहे’ म्हणणाऱ्याची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली आठ टक्क्यांची असेल तर ती चार छोट्या पेगांना भारी पडते. घरच्या ग्लासात हाताने ओतलेला ‘एक पेग’ तर बारमधल्या दोनांच्या आसपास भरतो. तेव्हा ‘दोनच घेतो’ या वाक्याला दोन कशाचे हे विचारल्याशिवाय अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी म्हणूनच आधी तीन प्रश्न वारंवारता आणि प्रमाणाचे विचारते. एकूण चाळीस गुण. आठ किंवा त्याहून जास्त आले तर पिणं धोक्याचं, वीस किंवा त्याहून जास्त आले तर व्यसनाधीनतेचा दाट संशय.

प्रमाणाहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ताबा, आणि ताबा सुटल्याची पहिली खूण गंमत म्हणजे कौतुकाच्या रूपात येते. ‘त्याला चढत नाही.’ मित्रांत ही फुशारकी असते, लग्नाच्या बोलण्यांतही कोणी मामा अभिमानाने सांगून जातो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ उलटा आहे. रोजच्या अल्कोहोलशी मेंदूने जुळवून घेतलं आहे, पूर्वी दोनात मिळायचं त्याला आता पाच लागतात. न चढणं हे पचनाचं बळ नव्हे, सवय मुरल्याची नोंद आहे. तिच्या पाठोपाठ येतात वेळेची गणितं. कार्यक्रमाला निघण्याआधी घरी थोडी लावून जाणं. जिथे दारू नसेल अशा लग्नाला, तीर्थयात्रेला, साखरपुड्याला काही ना काही कारण काढून जाणं टाळणं. ड्राय डेची तारीख कॅलेंडरवर आठवडाभर आधी पाहून ठेवणं. एक दुकानदार ओळखायला लागला की दुसरं दुकान धरणं. आणि सगळ्यांत ठळक, मराठी पिणाऱ्यांच्या बोलीत ज्याला नेमका शब्द आहे, तो ‘उतारा’. सकाळी हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, आणि एक घोट गेला की सगळं थांबतं. विषावर देतात तो उतारा. इथे विष आणि उतारा एकाच बाटलीत. हा शब्द ज्याच्या तोंडी विनोद म्हणूनही नियमित येतो, त्याने ‘ओकेजनली’ म्हणू नये.

घरातल्या खुणा त्याहून बारीक असतात. वेलदोडा, बडीशेप, पुदिन्याच्या गोळ्या खिशात कायम. स्कूटरच्या डिकीत, फ्लशच्या टाकीत, माळ्यावरच्या गणपतीच्या सजावटीच्या खोक्यात बाटली. थंड पेयाच्या बाटलीत मिसळलेली व्होडका, जी भर दिवाणखान्यात टीव्हीसमोर प्यायली जाते. रिकाम्या बाटल्या रद्दीवाल्याला न देता पेपरात गुंडाळून ऑफिसच्या वाटेवर टाकल्या जातात. चेकवरची सही सकाळी जुळत नाही, दुपारी जुळते. यांतली एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे, आणि बायकोने किंवा मुलाने घरात गुप्तहेर व्हावं असंही मला सुचवायचं नाही. पण एक प्रश्न मात्र यांतून सुटा करता येतो : पिण्याबद्दल खोटं बोलावं लागतं का? ज्या पिण्यावर ताबा आहे ते लपवावं लागत नाही. आक्षेप असा येईल, की आपल्या समाजात दारूला बट्टा आहे, म्हणून साधा पिणाराही लपवतो. खरं आहे, आईवडिलांपासून लपवणारा तरुण व्यसनीच असतो असं नाही. म्हणून लपवणं पाहताना पिणं लपवतो की प्रमाण लपवतो, हे पाहावं. घरात सगळ्यांना ठाऊक असताना, दोन पेग समोर बसून घेऊन झाल्यावर, जो स्वयंपाकघरात जाऊन तिसरा आणि चौथा उभ्याने घेतो, त्याचं लपवणं समाजाच्या भीतीचं नाही.

यावरचा दुसरा, जास्त वजनाचा आक्षेप असा : अशाने तुम्ही पिणाऱ्या प्रत्येकाला रोगी ठरवाल. वैद्यकशास्त्र तसं करत नाही. १६ कोटींतले दहा कोटींहून अधिक लोक मदतीची गरज असलेल्यांत मोजलेले नाहीत, हे वरच्याच आकड्यांत आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत अकरा लक्षणं आहेत : ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करण्याचे फसलेले प्रयत्न, ओढ, जबाबदाऱ्या चुकणं, नुकसान दिसत असूनही पीत राहणं वगैरे, वर्षभरात दोन-तीन असतील तर सौम्य, सहा किंवा अधिक असतील तर तीव्र. म्हणजे व्यसन हे दार नसून उतार आहे, आणि त्या उतारावर माणूस कुठेही उभा असू शकतो. ही मांडणी पिणाऱ्याला उलट सोयीची आहे. ‘मी बेवडा आहे का?’ या प्रश्नाला नाही म्हणणं सोपं असतं. ‘मी या उतारावर गेल्या वर्षीपेक्षा खाली आहे का?’ याला नाही म्हणताना जरा थांबावं लागतं. अर्थात अल्कोहोल कर्करोगकारक आहे हे १९८८ सालीच जाहीर झालेलं आहे आणि अगदी निर्धोक असं प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना आता सांगते. पण तो वेगळा प्रश्न. धोका पत्करणं आणि ताबा सुटणं यांची गल्लत केली की दोन्हींकडे दुर्लक्ष होतं.

लपलेलं व्यसन कधी कधी पिणाऱ्याच्या संमतीशिवाय उघड होतं, आणि ते बहुधा रुग्णालयातल्या तिसऱ्या दिवशी. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी किंवा मोडलेल्या पायासाठी दाखल झालेला माणूस पहिल्या दिवशी नुसता अस्वस्थ असतो. दुसऱ्या दिवशी घाम, थरथर, क्वचित फिट. तिसऱ्या दिवशी तो चादरीवरचे नसलेले किडे वेचू लागतो, भिंतीवर माणसं पाहतो, तारखेचं आणि जागेचं भान सुटतं. नातेवाइकांना वाटतं औषध चढलं, नाही तर बाहेरचं काही लागलं. प्रत्यक्षात दारू अचानक तुटल्याने मेंदूत उसळलेला हा ‘डिलिरियम ट्रेमेन्स’, आणि उपचार वेळेवर मिळाले नाहीत तर तो जीव घेऊ शकतो. भरतीच्या कागदावर मद्यपानाच्या रकान्यात तेच ‘ओकेजनली’ लिहिलेलं असतं. २०२० च्या मार्चअखेरीस हाच प्रयोग सगळ्या देशावर एकदम झाला. कोरोनाच्या टाळेबंदीत दुकानं बंद झाली, आणि बंगळुरूच्या रुग्णालयांत दारू तुटल्याने गंभीर झालेल्या रुग्णांची संख्या चढली. केरळ सरकारने तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला, तो उच्च न्यायालयाने स्थगित केला. पुढच्या वर्षी एप्रिलच्या निर्बंधांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. यातला व्यावहारिक धडा घरोघर माहीत असायला हवा : जो रोज भरपूर पितो, सकाळी उतारा घेतो, त्याने एकादशीच्या संकल्पासारखी एका रात्रीत घरच्या घरी दारू तोडू नये. आठवडाभर डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य औषधं आणि जीवनसत्त्व बी-वन मिळालं की हा टप्पा बहुतेकांना निर्धोकपणे पार करता येतो.

आता घरच्यांकडे. सुधाकराइतकीच सिंधूही आपल्या मनात ठाण मांडून आहे : सोसणारी, न बोलणारी, नवऱ्याचं नाव खाली पडू न देणारी. आजची सिंधू ऑफिसात फोन करून ‘त्यांना ताप आहे’ सांगते, सोसायटीत ‘शुगर लो झाली होती’ म्हणते, दिराकडून उसने पैसे आणून हप्ता भरते. याला आपण सांभाळून घेणं म्हणतो आणि त्यात प्रेम आहेच. पण या सांभाळण्याचा हिशेब मांडला तर पिण्याचे सगळे चटके दुसरं कोणीतरी सोसतं आणि पिणाऱ्याला पिण्यापासून फक्त सुख मिळत राहतं. मग त्याने का थांबावं? हे बोलताना एक काळजी घ्यावी लागते. बायकोने झाकलं म्हणून नवरा बिघडला, असा निकाल द्यायला आपला समाज टपलेलाच असतो. झाकणं हा व्यसनाचा परिणाम आहे, कारण नव्हे. ज्या घरात मारहाण आहे तिथे तर ते जीव वाचवण्याचं साधन असतं. दारू पिणाऱ्या बाईच्या बाबतीत मात्र हे झाकण सगळं घर मिळून लावतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १३.९ टक्के पुरुषांनी दारू पितो असं सांगितलं आणि ०.४ टक्के बायकांनी; शेजारच्या गोव्यात हेच आकडे ३६.९ आणि ५.५. खाण्यापिण्याच्या चालीतला फरक मान्य केला, तरी दारात उभ्या पाहणीवाल्याला, मागे सासू उभी असताना, कोणती बाई हो म्हणेल? शिवाय तेवढ्याच दारूने स्त्रीच्या रक्तात अल्कोहोल जास्त चढतं आणि यकृताचं नुकसान लवकर होतं. म्हणजे जिथे लपवणं सर्वांत घट्ट, तिथेच वेळ सर्वांत कमी.

‘त्याला स्वतःला वाटलं पाहिजे, त्याशिवाय काही उपयोग नाही.’ मदत मागायला निघालेल्या घरच्यांना हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकवलं जातं, की ते शास्त्र असल्यासारखं वाटतं. त्याची जोड म्हणजे तळ गाठण्याची कल्पना : माणूस पूर्ण खाली गेल्याशिवाय वर येत नाही. याला पुरावा मानला जातो तो वर आलेल्यांच्या आठवणींचा. तळाशी जे संपले त्यांच्या आठवणी कोणी नोंदवत नाही. इच्छा ही अट नसून उपचारांतून घडवता येणारी गोष्ट आहे, हे १९९९ च्या एका अमेरिकी चाचणीने चांगलं दाखवलं. उपचारांना साफ नकार देणाऱ्यांच्या १३० नातेवाइकांना तीन गटांत वाटलं. ज्यांना कसं बोलायचं, कधी बोलायचं, न प्यायलेल्या दिवसाची दखल कशी घ्यायची, पिण्याचे परिणाम झाकणं कसं थांबवायचं हे शिकवलं, त्यांच्या घरातले ६४ टक्के जण उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून एकदाच समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीने ३० टक्के, आणि नातेवाइकांच्या अल्-अनॉन गटांच्या धर्तीच्या समुपदेशनाने १३ टक्के. अल्-अनॉनवर यातून अन्याय होऊ नये. पिणाऱ्याला आणणं हा त्यांचा हेतूच नाही, घरच्यांनी स्वतः सावरावं हा आहे. पण आपल्याकडची रीत म्हणजे तिन्ही सोडून चौथीच. रात्री अकराला, तो प्यायलेला असताना, रडून आणि ओरडून झालेली चर्चा. सकाळी ती त्याला आठवत नाही आणि घरच्यांना विसरता येत नाही. बोलायची वेळ सकाळची. आरोप करण्यापेक्षा घडलेलं एक दृश्य सांगावं, आणि बोलायला बसण्याआधी डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलेली असावी.

या रीतीच्या अगतिकतेवर एक धंदा उभा आहे. एसटीच्या पाठीवर, सार्वजनिक मुतारीच्या भिंतीवर, स्टेशनच्या पुलावर ‘नकळत दारू सोडवा’. पावडर जेवणात मिसळा, फरक पाहा. अशा पुड्यांत नेमकं काय असतं ते घेणाऱ्याला कळण्याची सोय नसते. डायसल्फिरम नावाचं एक खरं औषध आहे, १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण ध्यानात आला. ते घेऊन दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने, रुग्णाला सांगून, घरच्यांच्या देखरेखीत ते दिलं तर अनेकांना आधार देतं. न सांगता आमटीत घातलं तर हृदय कमकुवत असलेल्याचा बळी जाऊ शकतो. आणि समजा वाचला, तर पुढे तो कोणाच्या हातचं विश्वासाने जेवेल? घरात एक लपवाछपवी आधीच चालू असते. ही तिच्यावर उतारा म्हणून आणलेली दुसरी.

खरी मदत आपल्याकडे आहे, आणि तीही आजची नाही. अनिल अवचटांच्या गर्द या अमली पदार्थावरच्या लेखनाने अस्वस्थ होऊन पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गर्दुल्ल्यांसाठी उघडलेलं ते दार पुढे दारूसाठीही तितकंच वाजत राहिलं. तिथला पाच आठवड्यांचा मुक्काम, पूर्वी स्वतः व्यसनी असलेल्यांनी कार्यकर्ते म्हणून काम करणं, पत्नींसाठी वेगळा गट, स्त्रियांसाठी वेगळी सोय ही घडी महाराष्ट्राला परिचित आहे. मुंबईत फादर जो परेरांनी १९८१ मध्ये बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला अय्यंगार योगाची जोड देऊन कृपा फाउंडेशन उभं केलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं. आज महाराष्ट्रातल्या अनेक गावांत शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये त्याच्या मराठी बैठका भरतात, फी नाही, आडनाव नाही. तरी सुस्थितीतला, छुपा पिणारा तिथे जात नाही. कारण पुन्हा तीच पट्टी : ‘तिथे त्या लोकांत मी काय करू?’ शिवाय पाच आठवडे कुठे होतो याचं उत्तर ऑफिसात काय द्यायचं?

त्याच्यासाठी गोव्यातला पुरावा महत्त्वाचा वाटतो. संगाथ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत दुसऱ्याच कशासाठी तरी आलेल्या पुरुषांना ‘ऑडिट’चे प्रश्न विचारले आणि ज्यांचं पिणं घातक पण पूर्ण व्यसनाधीनतेच्या अलीकडचं होतं अशा ३७७ जणांवर चाचणी केली. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याखेरीज जास्तीत जास्त चार भेटी, त्याही मानसोपचारतज्ज्ञाशी नव्हे तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या, बिगरडॉक्टर समुपदेशकाशी. तीन महिन्यांनी घातक पिण्यातून बाहेर पडलेले पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात ३६ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे आलं. दहा टक्क्यांचा फरक छोटा वाटेल. पण ना खाट लागली, ना रजा, ना कलंक. तळ गाठण्याची वाट न पाहता उताराच्या मध्यावर हात दिला तर चार भेटींतही काही होतं. ज्यांची दारू त्यापुढे गेली आहे त्यांना एवढं पुरणार नाही. त्यांच्यासाठी विषमुक्ती, ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन-अकॅम्प्रोसेटसारखी औषधं, समुपदेशन, गट हे सगळं दीर्घकाळ लागतं.

‘आजार म्हटलं की सुटका झाली, मग जबाबदारी कोणाची?’ हा आक्षेप नैतिक आहे, म्हणून त्याला आकड्यांनी उत्तर देऊन भागत नाही. मधुमेहाला आजार म्हटल्याने रुग्णाला जिलेबीची मुभा मिळत नाही. उलट पथ्य पाळणं हे त्याचं काम ठरतं. आजार म्हटल्याने बदलतं ते आपण काय मागतो हे : पश्चात्ताप मागण्याऐवजी उपचार मागतो. पुन्हा प्यायला, म्हणजे उपचार वाया गेले, हेही असंच. व्यसनमुक्तीच्या जगात याला ‘स्लिप’ म्हणतात. पुन्हा वळणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं, रक्तदाबाच्या रुग्णांत औषध-पथ्य सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण त्याहून कमी नाही. पण रक्तदाबवाल्याला कोणी ‘शपथ मोडलीस’ म्हणत नाही. कायद्यानेही ही बाजू घेतली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या, म्हणजे रुग्णाचे हक्कही आले. ‘उचलून नेतो, सहा महिने दाखवत नाही’ अशी जाहिरात करणाऱ्या केंद्राबद्दल घरच्यांना संशय यायला हवा तो इथे. नोंदणी, येणारा डॉक्टर, रुग्णाला घरी फोन करू देणं या तीन गोष्टी विचारायला पैसे पडत नाहीत. पहिलं पाऊल त्याहून लहान हवं असेल तर १४४१६ ही टेली-मानसची आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

दारूबंदीचा मुद्दा इथे मुद्दाम थोडक्यात. वर्धा १९७० च्या दशकापासून, गडचिरोली १९९३ पासून बंदीत आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बाटली आडवी करणाऱ्या बायकांबद्दल आदरच आहे, आणि दारू सहज मिळेनाशी झाली की पिणं घटतं हेही खरं. पण लपलेल्या व्यसनाला बंदी जास्त खोल लपवते, एवढं तिचे समर्थकही नाकारणार नाहीत. म्हणून तर गडचिरोलीतल्या मुक्तिपथसारख्या कामात बंदीसोबत उपचारही धरले गेले. बाकी, कायद्याच्या विनोदाला तोड नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो, आणि तो मिळतो तो प्रकृतीच्या जपणुकीसाठी. कागदोपत्री इथला प्रत्येक परवानाधारक तब्येतीसाठीच पितो.

तेव्हा पुन्हा त्या केबिनमध्ये, रिपोर्ट टेबलावर असताना. ‘घेता का?’ हा प्रश्नच ‘ओकेजनली’ला आमंत्रण देतो. त्याऐवजी, रक्तदाब मोजता मोजता, सगळ्यांनाच विचारतात त्या सुरात : आठवड्यातून किती दिवस? घरी की बाहेर? एका वेळी क्वार्टर पुरते का? कमी करावी असं कधी वाटलं? कोणी टोकलं तर राग येतो? नंतर अपराधी वाटतं? सकाळी लागते? शेवटचे चार प्रश्न वैद्यकात ‘केज’ या नावाने १९७४ पासून छापील आहेत आणि दोन होकार आले तर पुढे चौकशी करावी एवढाच त्यांचा दावा आहे. मिनिटभराचं काम. गृहस्थ पहिल्या प्रश्नाला हसतील, दुसऱ्याला मोबाइल पाहतील. क्वार्टरच्या प्रश्नाला खोटं बोलणं जरा अवघड जातं, कारण विचारणाऱ्याने मोठा आकडा आधीच, न दचकता, उच्चारलेला असतो. “नाही हो, क्वार्टर रोज नाही,” ते म्हणतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारायचं, “मग रोज किती?”